गोल्फ कोर्सचा नकाशा: टी, फेअरवे, रफ, बंकर, ग्रीन... कुठे काय टॅग लावायचा? (नाशिक)

नकाशेभटक्या:
मंडळी नमस्कार. ओपनस्ट्रीटमॅपवर (सगळ्यांनी मिळून काढलेला मोकळा नकाशा) नाशिकचं काम करणारे इथे बरेच जण आहात म्हणून विचारतोय. शहराबाहेर ओळखीतल्यांचा एक नऊ होलचा छोटा कोर्स आहे, नाव मुद्दाम टाकत नाही, सकाळी खेळणारे यायच्या आत फोन घेऊन आत फिरायची परवानगी मिळालीय. बाहेरची हद्द काढली, लीझर=गोल्फ_कोर्स हा टॅग (ती गोष्ट काय आहे ते सांगणारं लेबल) लावलं, नकाशावर एक भलामोठा हिरवा तुकडा आला आणि तिथेच गाडी अडकली. आता आतलं कसं करायचं? फेअरवे (मधला कापलेल्या गवताचा पट्टा) वेगळा, रफ (त्याच्या बाजूचं वाढलेलं गवत) वेगळा, मग उरलेल्या झाडाझुडपांना काय म्हणायचं, होलचे नंबर कुठे टाकायचे, वाळूचे खड्डे म्हणजे बंकर, तळं, कार्ट (खेळणाऱ्यांची छोटी गाडी) जायचा रस्ता, सगळाच गोंधळ आहे. मी स्वतः गोल्फ खेळत नाही हे आधीच सांगतो, सातपूरच्या गल्ल्या आणि गंगापूर रोडच्या सोसायट्या काढणारा माणूस मी.

दुसरी गोष्ट, त्र्यंबक रोडच्या गोल्फ क्लब मैदानालाही कोणीतरी लीझर=गोल्फ_कोर्स लावून ठेवलंय असं दिसलं, ते काढू की राहू देऊ?

टॅग इथे देवनागरीत लिहितोय, एडिटरमधे अर्थातच इंग्रजी स्पेलिंग, सगळी स्मॉल अक्षरं आणि मधे अंडरस्कोर.

ओझरची_मैना:
रंग भरायचा मोह आधी सोड भटक्या. पहिलं काम होलच्या रेघा. टी (जिथून होलचा पहिला फटका मारतात) पासून ग्रीनवरच्या (भोकाभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) झेंड्यापर्यंत एक साधी रेघ, बंद आकार नाही, आणि तिला गोल्फ=होल. रेघ टी कडून सुरू करून ग्रीनकडे संपवायची, दिशा उलटी झाली तर नकाशात होल उलटा खेळला जातो आणि जे गोल्फचे अॅप आपला डेटा वापरतात त्यांची सगळी अंतरं बोंबलतात. मधे पॉइंट फक्त तिथेच द्यायचा जिथे खेळायची वाट वळते, ज्याला ते डॉगलेग म्हणतात. पार 3 चा (म्हणजे तीन फटके अपेक्षित असलेला) सरळ होल असेल तर दोन पॉइंट बास झाले, उगाच दहा पॉइंट टाकून नागमोडी करू नकोस.

मग त्या रेघेवरच नंबर रेफ मधे, पारचा आकडा पार मधे, आणि हँडिकॅप मधे तो स्ट्रोक इंडेक्स, म्हणजे कुठला होल किती अवघड याचा क्रम, टी जवळच्या पाटीवर लिहिलेला असतो. नकाशावर नंबर रेघेवर दिसतो, त्यामुळे नुसत्या नऊ रेघा काढल्यास तरी तो कोर्स वाचता येतो. नुसते हिरवे तुकडे काढलेस तर कुठला ग्रीन कुठल्या टी चा हे कोणालाच कळत नाही, आणि असे अर्धवट सोडलेले कोर्स भारतात ढिगाने सापडतील.

एक तपासणी सांगते. पाटीवर यार्ड असतात, आपल्याकडे मीटर. एक यार्ड म्हणजे 0.9144 मीटर. समज पाटीवर 372 लिहिलंय तर तुझी रेघ 340 मीटरच्या आसपास भरली पाहिजे. 305 भरली तर तू पुढच्या टी वरून सुरू केलीयेस, एकाच होलला मागे पुढे दोन तीन टी असतात आणि पाटीवर बहुतेक वेळा एकेका रंगाचं वेगळं अंतर असतं. कुठल्या रंगाच्या टी पासून रेघ घेतलीस ते ठरव आणि नऊच्या नऊ होलना तेच ठेव. मी सगळ्यात मागच्या टी पासून घेते.

पाथर्डीफाटा:
एक प्रामाणिक प्रश्न. 2027 चा सिंहस्थ तोंडावर आलाय, पंचवटीतल्या गल्ल्यांना अजून नावं नाहीत, अर्ध्या घाटांना पायऱ्या दाखवलेल्या नाहीत, सार्वजनिक नळ कुठेत ते नाही, आणि आपण चार पैसेवाल्यांच्या गवताला रंग देतोय? चालू द्या.

ओझरची_मैना:
फाटाभाऊ, रामकुंडापासून गाडगे महाराज पुलापर्यंतच्या पायऱ्या तुम्ही घ्या, मी येते सोबत रविवारी. पण ज्याला जिथे जायची परवानगी आहे तो तिथलं काढणार ना, पंचवटीसाठी कोणी कोणाला अडवलंय का.

हिरवळीवरचा_म्हातारा:
मी खेळायचो, आता गुडघे परवानगी देत नाहीत. नकाशातलं मला फारसं कळत नाही पण कोर्सचे भाग कुठले हा प्रश्न मला चांगला कळतो म्हणून लिहितो, लांबेल जरा, चहा घेऊन बसा.

आर अँड ए आणि यूएसजीए (गोल्फचे नियम ठरवणाऱ्या दोन संस्था) यांनी 2019 पासून नियम बदलले, त्यात कोर्सचे फक्त पाच भाग आहेत. ज्या होलला तुम्ही सुरुवात करताय त्याची टीइंग एरिया, सगळे बंकर, सगळ्या पेनल्टी एरिया (जिथून चेंडू बाहेर काढायला दंडाचा फटका लागतो अशा जागा), जो होल खेळताय त्याचा पटिंग ग्रीन, आणि बाकी झाडून सगळं म्हणजे जनरल एरिया. फेअरवे आणि रफ हे नियमांच्या हिशेबाने दोन्ही जनरल एरियाच. आणि गंमत बघा, तुम्ही तिसरा होल खेळताना तुमचा चेंडू सातव्याच्या ग्रीनवर गेला तर नियमाप्रमाणे तो तुमचा ग्रीन नाहीच, तो राँग ग्रीन, तिथून चेंडू उचलून बाहेर टाकावा लागतो. टीइंग एरियासुद्धा ती सगळी उंच केलेली सपाट जागा नव्हे, त्या दिवशी जिथे दोन मार्कर ठेवलेत तिथून मागे दोन क्लबच्या लांबीचा चौकोन, बस एवढीच. म्हणजे नियमातले भाग खेळणाऱ्याप्रमाणे आणि दिवसाप्रमाणे बदलतात. ते नकाशात काढायला गेलात तर वेडे व्हाल.

त्यामुळे नियमांचं पुस्तक बाजूला ठेवा आणि गवत कापणाऱ्या माणसाला गाठा. नकाशाला लागणाऱ्या कडा त्याच्या मशीनने पाडलेल्या असतात. ग्रीनचं गवत साधारण 3 ते 5 मिलिमीटर, फेअरवेचं 10 ते 15, त्याच्या बाहेर वाढेल तसं. ही कड बुटाच्या टाचेने सुद्धा कळते, एका पायाखाली कडक आणि दुसऱ्या पायाखाली स्पंज. सकाळी दव असताना तर रेघच मारल्यासारखी दिसते. आमच्या वेळच्या माळ्याला विचारलं की फेअरवे कुठे संपतो तर तो बोलायचा नाही, सरळ जाऊन त्या कडेवर उभा राहायचा.

नकाशेभटक्या:
काका हे भारी आहे, दव पडलेलं असताना फिरायचं डोक्यातच आलं नव्हतं. आत एक नाला पण आहे, चौथ्या होलच्या उजव्या अंगाने जातो, आत्ता ठणठणीत कोरडा, बाजूने लाल खुंट्या मारल्यात. त्याला पाण्याचा टॅग लावायचा का? पाणी तर नाही.

हिरवळीवरचा_म्हातारा:
लाल खुंट्या असतील तर ती पेनल्टी एरिया, कोरडा असो की भरलेला. नियमातच आहे की नाला, चर, ओढा, पाणी नसलं तरी पेनल्टी एरियाच. आपल्याकडच्या नाल्यांचं आयुष्यच तसं, चार महिने पाणी नि आठ महिने बाभळी. पिवळ्या खुंट्या असतील तर दंड घेऊन चेंडू मागच्या रेषेतून किंवा आधीच्या जागेवरून परत खेळायचा, लाल असेल तर बाजूला टाकायची जास्तीची सोय मिळते. पांढऱ्या खुंट्या म्हणजे कोर्सची हद्द संपली, आउट ऑफ बाउंड्स.

ओझरची_मैना:
टॅगमधे मात्र पेनल्टी एरियाची अजून जुनीच नावं चालतात. पिवळ्याला गोल्फ=वॉटर_हॅझर्ड, लालला गोल्फ=लॅटरल_वॉटर_हॅझर्ड. नियम बदलले म्हणून मनाने नवीन टॅग तयार करू नका, रेंडर होणार नाही (नकाशावर दिसणार नाही) आणि दुसऱ्याला सापडणारही नाही. तळं असेल तर सोबत नॅचरल=वॉटर. भटक्याच्या नाल्याला मी दोन गोष्टी वेगळ्या काढीन. नाल्याची मधली रेघ वॉटरवे=स्ट्रीम आणि इंटरमिटंट=यस, ती कोर्सच्या आधी कुठून येते आणि पुढे कुठे जाते तिथपर्यंत, कारण नाला काही गोल्फ खेळायला जन्मलेला नाही. आणि लाल खुंट्यांच्या आतला पट्टा हा वेगळा आकार, त्याला लॅटरल वालं. त्या पट्ट्याला नॅचरल=वॉटर लावू नकोस नाहीतर भर उन्हाळ्यात नकाशावर निळी नदी दिसेल आणि एखादा ट्रॅक्टरवाला येऊन विचारेल पाणी कुठंय.

द्राक्षबाग:
इमेजरीबद्दल, म्हणजे ज्या सॅटेलाइट चित्रावरून आपण गिरवतो त्याबद्दल, कोणी बोललंच नाही अजून. मी दिंडोरी, मोहाडी साईडचं शेतीचं मॅपिंग करतो, मला या प्रकाराने लय छळलंय. आपल्याकडे जुलै ते ऑक्टोबरचं सॅटेलाइट चित्र असेल तर सगळा जिल्हाच फेअरवे दिसतो, रफ, माळरान, बांध, सगळं एकाच हिरव्या रंगाचं, कड काढूच शकत नाही. एप्रिल मेचं चित्र शोधा. तेव्हा ज्याला स्प्रिंकलरचं पाणी मिळतं तेवढंच हिरवं राहतं, बाकी सगळं मातीच्या रंगाचं, त्यामुळे फेअरवे आणि ग्रीन आपोआप उठून दिसतात. बिंग आणि एसरी दोन्हींची चित्रं उघडून बघा, दोघांचे महिने वेगळे असतात बऱ्याचदा, एकात हिरवागार आणि एकात करपलेला, त्यातला करपलेला आपल्या कामाचा.

सेंटिनेल 2 या युरोपियन उपग्रहाच्या फुकट चित्रांवर जाऊ नका या कामासाठी. त्याचा एक पिक्सेल 10 मीटरचा, म्हणजे एक पिक्सेल 100 चौरस मीटर, आणि एक ग्रीन असतो साधारण 500 चौरस मीटरचा, पाच पिक्सेलमधे तुम्ही काय कड काढणार. बंकर तर दिसतच नाही. कुठल्या महिन्यात काय हिरवं होतं एवढं बघायला मात्र उत्तम, दर पाच दिवसांनी नवीन चित्र येतं.

आणि शेततळी! प्लास्टिकचा कागद टाकलेलं चौकोनी निळं शेततळं कोर्सच्या कुंपणाला लागून असेल तर लोक खुशाल त्याला वॉटर हॅझर्ड करतात. एक तर ते शेजारच्या शेतकऱ्याचं असतं, दुसरं म्हणजे कोर्सच्या आत असलं तरी ते पाणी साठवायला असेल, खेळात असेलच असं नाही. खुंट्या आहेत का बघा, नसतील तर माळ्याला विचारा. शेततळ्याला लँडयूज=रिझर्व्हॉयर किंवा नॅचरल=वॉटर सोबत वॉटर=रिझर्व्हॉयर, गोल्फचा टॅग नाही. द्राक्षबागेच्या ओळीसुद्धा एका भावाने ड्रायव्हिंग रेंज (फटक्यांचा सराव करायची जागा) करून ठेवलेल्या बघितल्यात मी, सरळ पट्टे दिसले की लावलं.

कॉलेजरोडवाला:
इमेजरीचं ऑफसेट पण बघा. चित्र जमिनीवर जिथे बसायला पाहिजे तिथून काही मीटर सरकलेलं असू शकतं, रस्त्याला ते चालून जातं, पण 20 मीटर रुंदीच्या ग्रीनला पाच मीटर म्हणजे पाव भाग झाला. जोसममधे (कॉम्प्युटरवरचा नकाशा एडिटर) आधी जीपीएसचे ट्रॅक उघडून त्यावर इमेजरी सरकवून घ्या आणि मग काढा. फोनचा जीपीएस मोकळ्या मैदानात 3 ते 5 मीटरपर्यंत बरोबर येतो, झाडाखाली बिघडतो. कार्टच्या रस्त्यावरून एकदा जाताना आणि एकदा येताना असे दोन ट्रॅक घ्या, मधोमध धरा.

नकाशेभटक्या:
हे सगळं समजलं. आता रफ. मैनाताई म्हणते रंग भरू नको, पण रफ काढायचा की नाही? म्हणजे सगळ्या फेअरवेच्या बाहेरचा भाग एकच मोठा रफ करून त्यात भोकं पाडायची का?

जोसमप्रेमी:
हो. मल्टिपॉलिगॉन, म्हणजे बाहेरची एक रिंग आणि आतल्या रिंगा (इनर) एका रिलेशनमधे जोडून केलेला भोकांचा आकार. बाहेरची रिंग रफ, आत फेअरवे, ग्रीन, टी, बंकर, तळी सगळ्या इनर. स्वच्छ डेटा, एकावर एक काही चढत नाही, क्षेत्रफळ काढायचं तर बरोबर येतं.

ओझरची_मैना:
आणि पुढच्या वर्षी एक बंकर बुजवला की नवख्या माणसाने आयडी एडिटरमधे (ब्राउझरमधला सोपा एडिटर) ती रिंग अर्धवट तोडली, रिलेशन बिघडलं, सगळा रफ गायब. मी हे निस्तरलंय प्रेमीभाऊ, एकदा नव्हे. कोर्सची बाहेरची हद्द आहेच, ती हिरवीच दिसते. जिथे खरंच कापलेलं, राखलेलं रफ आहे तेवढ्याला गोल्फ=रफ लावा, फेअरवेच्या बाजूचे पट्टे पट्टे, आणि त्याच्या पलीकडे जी काय बाभळी, घाणेरी, गवत आहे त्याला नॅचरल=स्क्रब किंवा वूड किंवा ग्रासलँड, जे आहे ते. नऊ होलच्या कोर्समधे कितीतरी जागा अशी असते की तिथे मशीन जातच नाही, तिला रफ म्हणून रंगवणं म्हणजे नसलेली देखभाल दाखवणं.

जोसमप्रेमी:
तुटतं म्हणून बरोबर डेटा टाकायचाच नाही हा युक्तिवाद मला कधीच पटलेला नाही. एकाच जमिनीला रफ पण म्हणायचं आणि त्याच्यावर फेअरवे पण ठेवायचा, मग खालचं काय आहे, दोन थर गवत?

कॉलेजरोडवाला:
तुम्ही दोघं बरोबर आहात आणि नेहमीप्रमाणे धागा भरकटवणार आहात. भटक्याचा कोर्स छोटा आहे, पट्टे काढ, भोकं नको. बंकर मात्र वेगळा बंद आकार, गोल्फ=बंकर आणि नॅचरल=सँड दोन्ही, आयडीमधे प्रीसेट (तयार टॅगांचा संच) निवडलंस की आपोआप लागतात. ग्रीन, टी, फेअरवे, रफ या सगळ्यांची प्रीसेट आहेत तिथे, शोधायच्या खिडकीत गोल्फ टाईप कर, यादी येते.

ब्राऊनचं_काय:
माझा प्रश्न याच विषयावरचा. आपल्याकडे पाण्याची बोंब असलेल्या कोर्सना ग्रीनच्या जागी ब्राऊन असतात, म्हणजे वाळूत वापरलेलं इंजिन ऑइल मिसळून दाबून सपाट केलेला गोल, त्यावरच पटिंग. त्याला बंकर म्हणायचं का? वाळूच आहे शेवटी.

हिरवळीवरचा_म्हातारा:
अहो नाही नाही! बंकरमधे अडकायचं असतं, ब्राऊनवर चेंडू भोकात घालायचा असतो. मी लष्करी कोर्सवर ब्राऊनवर खेळलोय, पट मारून झाला की पुढच्यांसाठी बुटांच्या खुणा पुसून सारखं करून जायचं. वेग हळू असतो पण सरळ जातो. बाकी भोक तेच, सव्वाचार इंच व्यासाचं, म्हणजे 108 मिलिमीटर.

ओझरची_मैना:
ब्राऊनला गोल्फ=ग्रीन आणि सरफेस=सँड. वापर काय आहे त्यावरून मुख्य टॅग, कशाचं बनलंय ते सरफेसमधे. नकाशावर हिरवं दिसेल, दिसू दे, नकाशा कसा दिसतो यासाठी खोटा टॅग लावायचा नाही हा पहिला नियम. सगळा फेअरवेच मातीचा असेल तर तिथेही सरफेस लिहिता येईल.

शरणपूररोड:
गोल्फ क्लब मैदानाबद्दल कोणीच उत्तर दिलं नाही म्हणून मी देतो, रोज सकाळी तिथेच असतो. त्याचं अधिकृत नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. ज्यांनी 21 डिसेंबर 1909 ला नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याला विजयानंद थिएटरमधे गोळ्या घातल्या आणि ज्यांना 19 एप्रिल 1910 ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली ते कान्हेरे. तिथे क्रिकेट चालतं, रणजीचे सामने झालेत, बाजूने जॉगिंग ट्रॅक आहे, सभा होतात, प्रदर्शनं लागतात. गोल्फची काठी मी आजपर्यंत बघितली नाही. लीझर=गोल्फ_कोर्स ताबडतोब काढा. रेंडरर त्याला गोल्फचं चिन्ह देतो आणि बाहेरगावचा माणूस बॅग घेऊन येतो की काय अशी भीती वाटते.

नाव मात्र काढू नका. रिक्षावाल्याला कान्हेरे मैदान सांगितलं तर तो दोन सेकंद थांबतो, गोल्फ क्लब म्हटलं की मीटर न पाडता निघतो. म्हणजे नेम मधे अधिकृत नाव, नेम:एमआर मधे देवनागरीत हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, आणि ऑल्ट_नेम मधे गोल्फ क्लब ग्राउंड, ऑल्ट_नेम:एमआर मधे गोल्फ क्लब मैदान. शोधताना दोन्हीने सापडलं पाहिजे. क्रिकेटच्या गोलाला वेगळं लीझर=पिच, स्पोर्ट=क्रिकेट, ट्रॅकला वेगळी रेघ. शेजारचं इदगाह मैदान त्यात गिळू नका, ते स्वतंत्र आहे.

पाथर्डीफाटा:
हे काम मात्र पटलं. ट्रॅकची रेघ मी मारतो, माझ्याकडे घड्याळाचा जीपीएस आहे.

नकाशेभटक्या:
मस्त, फाटाभाऊ गोल्फला लागले :) मैदानाचा टॅग मी काढतो, कमेंटमधे कारण लिहितो. आता एक अडचण. कोर्स नऊ होलचा पण कार्डावर 18 होल आहेत. म्हणजे नऊ खेळून झाले की तेच परत, पण दुसऱ्या फेरीला काही ठिकाणी वेगळी टी. पहिल्या होलची टी ऑफिससमोर आणि दहाव्याची त्याच्या डावीकडे आंब्याखाली. रेघा नऊ काढू की अठरा?

कॉलेजरोडवाला:
टी वेगळी असेल तिथे दोन रेघा, दोन्ही एकाच ग्रीनवर येऊन मिळतात, एकीला रेफ=1 दुसरीला रेफ=10, पार आणि इंडेक्स आपापले. टी तीच असेल तिथे एकच रेघ आणि रेफ मधे 3;12 असं सेमीकोलन देऊन. एका ग्रीनला दोन होल हे काही विचित्र नाही. सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर सात ग्रीन जोडग्रीन आहेत, एकेका ग्रीनवर दोन दोन होल, आणि दोन्ही नंबरांची बेरीज दरवेळी 18. तिथे 1764 पर्यंत 22 होल खेळायचे, मग काही जोडून 18 केले, तेव्हापासूनचं हे 18 चं खूळ.

जोसमप्रेमी:
सेमीकोलनला माझा विरोध आहे, पार सारखा असला तरी स्ट्रोक इंडेक्स दोन फेऱ्यांना वेगळा असतो, मग हँडिकॅप मधे पण 5;6 लिहिणार का आणि कुठला कुणाचा हे कोण सांगणार. अठरा रेघा काढा, एकावर एक आल्या तरी चालेल.

ओझरची_मैना:
क्रम सारखा ठेवला की कळतं, रेफ मधला पहिला तो हँडिकॅप मधला पहिला. एकावर एक रेघा काढल्यास तर पुढचा माणूस डुप्लिकेट समजून एक उडवणारच, तपासणारी टूल्स पण ओरडतात. सेमीकोलनच घे भटक्या.

इंदिरानगरवाली:
थोडं कॉपीराइटचं बोलते, कारण कोणीतरी पुढे हे करणारच आहे. गूगल मॅप किंवा गूगल अर्थ बघून काहीही ट्रेस करायचं नाही, फेअरवेची कड सुद्धा नाही, आपल्या लायसनमधे ते बसत नाही. कोर्सने छापलेला रंगीत नकाशा किंवा यार्डेज बुक असतं तेही चित्र म्हणून गिरवायचं नाही, क्लबने लेखी परवानगी दिली तर गोष्ट वेगळी. टी जवळची पाटी स्वतः उभं राहून वाचून पार आणि नंबर घेतला तर तो सर्वे झाला, सोर्स मधे सर्वे लिहा.

देवळाली कॅम्पकडे हिरवे पट्टे दिसले की हात शिवशिवतात बऱ्याच जणांचे. ती लष्करी हद्द आहे. तिथे आत फोन काढून ट्रॅक रेकॉर्ड करत फिरू नका, आणि इमेजरीवरून आतल्या इमारती नि रस्ते बारकाईने काढायच्या भानगडीत पडू नका. 15 फेब्रुवारी 2021 च्या मार्गदर्शक सूचनांनंतर भारतात नकाशे करणं खूप मोकळं झालं हे खरं, पण संवेदनशील गोष्टी दाखवण्यावरचे निर्बंध त्यात आहेतच. आपला कोर्स परवानगीचा आहे, तेवढाच पुरे.

नवीन_भिडू:
मी पण एक बघून आलो आत्ता, एका मोठ्या शहरातल्या कोर्सवर प्रत्येक बंकरला नेम मधे बंकर लिहिलंय, प्रत्येक ग्रीनला नेम मधे ग्रीन. मराठीत पण हिरवळ, वाळूखड्डा असं भरू का नेम:एमआर मधे? छान दिसेल ना.

ओझरची_मैना:
नको रे बाबा. नेम मधे फक्त खरं नाव. बंकर हे नाव नाही, तो टॅग आहे, आणि टॅग कुठल्या भाषेत दाखवायचा ते अॅप ठरवतं. एखाद्या होलला क्लबमधे खरंच नाव असेल, पाटीवर लिहिलेलं असेल, तर होलच्या रेघेला दे. कॅडी (खेळणाऱ्यांची बॅग वाहणारे) लोक आपसात जी टोपणनावं वापरतात ती पाटीवर नसली तरी सगळेच वापरत असतील तर लोक_नेम (लोकल नेम, स्थानिक नाव) मधे जातील, पण एकट्याने ठेवलेलं नको.

नकाशेभटक्या:
टोपणनाव आहे एक! सहाव्या होलला तिथली पोरं मारुती म्हणतात, ग्रीनच्या मागे कुंपणाबाहेर मारुतीचं छोटं देऊळ आहे आणि लांब मारलेला चेंडू थेट त्याच्या पारावर जातो. पुजारीबाबांकडे चेंडूंची पिशवी भरलीय म्हणे, परत मागायला गेलं की आधी नारळ आणायला लावतात.

हिरवळीवरचा_म्हातारा:
हा लोकल रूल कार्डावर छापून घ्या. आणि देऊळ आधी काढा रे नकाशात, ग्रीन नंतर.

ओझरची_मैना:
लोक_नेम:एमआर=मारुती. देवळाला अॅमेनिटी=प्लेस_ऑफ_वर्शिप, रिलिजन=हिंदू, ते कोर्सच्या हद्दीच्या बाहेर राहील हे बघ, कारण हद्द म्हणजे कुंपण. पांढऱ्या खुंट्या कुंपणाच्या आत असतील तर त्यांच्यासाठी गोल्फ=आउट_ऑफ_बाउंड्स वेगळं आहे, हद्द तिथे ओढू नकोस.

नकाशेभटक्या:
शेवटचे दोन. झेंड्याचा पॉइंट टाकायचा का, तो तर सारखा हलवतात. आणि कार्टचा रस्ता, त्याच्यावरून मागच्या वस्तीतले लोक सकाळी दूध घेऊन सायकलने जातात, मॅनेजर काही बोलत नाही पण पाटी लावलीय प्रवेश बंद.

कॉलेजरोडवाला:
झेंडा: गोल्फ=पिन, एक पॉइंट, ग्रीनच्या मधोमध, होलच्या रेघेचा शेवटचा पॉइंटच पिन कर. आज खड्डा कुठल्या कोपऱ्यात आहे ते नकाशाचं काम नाही.

रस्ता: डांबरी किंवा सिमेंटचा आणि गाडी जाईल एवढा रुंद असेल तर हायवे=सर्व्हिस, अरुंद असेल तर हायवे=पाथ, दोन्हीला गोल्फ=कार्टपाथ आणि गोल्फ_कार्ट=डेझिग्नेटेड. अॅक्सेस=प्रायव्हेट नक्की लाव, नाहीतर रूटिंगवालं अॅप त्र्यंबकला पायी निघालेल्या वारकऱ्यांची दिंडी तुझ्या पाचव्या फेअरवेवरून नेईल.

इंदिरानगरवाली:
दूधवाल्यांचं काय पण? प्रायव्हेट लावलं तर त्यांची वाट नकाशातून गेली.

कॉलेजरोडवाला:
पाटी आहे तर प्रायव्हेटच. बायसिकल=परमिसिव्ह (मालकाच्या मर्जीने सायकलला वाट) टाकता येतं पण ते मालकाने उघड म्हटलं पाहिजे, काही बोलत नाही म्हणजे हो असं धरून नाही. भटक्याने मॅनेजरला विचारावं, मॅनेजर हो म्हणाला तर टाकावं.

नकाशेभटक्या:
विचारतो. उद्या दव पडलेलं असताना पहिल्या तीन होलच्या कडा घेतो, रेघा आज रात्रीच टाकतो, पाटीचे फोटो आहेत माझ्याकडे. चेंजसेट (एकावेळी अपलोड केलेल्या बदलांचा गठ्ठा) वेगवेगळे करू का, एक मैदानाचा एक कोर्सचा?

ओझरची_मैना:
वेगळेच कर, मैदानाचा आधी. कोणी उलटवायला आलं तर कोर्सचं काम त्यात वाहून जायला नको. अपलोड झालं की लिंक टाक इथे, सेमीकोलन मी तपासते, रफवर प्रेमीभाऊ नजर ठेवतीलच.

जोसमप्रेमी:
ठेवतोच. भोकं पाडली असती तर ठेवावी लागली नसती.